भाजलं तर आधी पाणी, बाकी सगळं नंतर



आपल्या घरांत शुक्रवारची दुपार म्हणजे नुसती धांदल. मासे तळायचे, प्लाटा लावायचा, मेखाममध्ये पाणी तापत ठेवायचं. अशा वेळी कुणाचा हात भाजला की एकजण हळद आणतो, दुसरा टूथपेस्ट, तिसरा बर्फ. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. उपाय मायेनं केलेले असतात, पण त्यांनी जखम वाढू शकते, म्हणून हे लिहिते.

विस्तवापासून हात काढला तरी कातडीत उष्णता राहते आणि आत भाजणं चालूच असतं. म्हणून लगेच नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. घड्याळ लावून धरा, कारण २० मिनिटं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. उशीर झाला तरी पहिल्या ३ तासांत याचा फायदा होतो. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढा. लहान मूल असेल तर बाकीचं अंग पांघरुणात गरम ठेवा. मग जखमेवर स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं पातळ वेष्टन सैल ठेवा. फोड फोडू नका.

बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. टूथपेस्टने कातडी चुरचुरते. हळदीच्या पिवळ्या थराखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरला दिसत नाही. तूप, तेल उष्णता आतच धरून ठेवतं. कोरफडीचा गर चालतो, पण पाणी घालून झाल्यावर, आणि कातडी फक्त लाल असेल, फुटलेली नसेल तरच. पान कापल्यावर सालीखालून निघणारा पिवळा चीक आधी गळू द्या, त्याने खाज येते.

“नैसर्गिक आहे, काय होणार?” असं आपल्या बायका म्हणतात. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून उन्हात गेलं तर लिंबातलं द्रव्य आणि ऊन मिळून कातडी जाळतात. एकदोन दिवसांनी लाली, फोड येतात, आणि मग काळे डाग महिनोन्महिने राहतात. इथलं दिमोना-बेरशेबाचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

फार्मसीतल्या सिरमचंही तसंच. ग्लायकोलिक आम्ल कातडीचा वरचा थर काढतं, त्यामुळे ऊन जास्त लागतं. रेटिनॉल रात्रीच लावावं. दोन्ही एकाच रात्री लावू नका. नवीन सिरम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोनतीन दिवस पाहा. सकाळी सनस्क्रीन हवंच. भाजलेल्या किंवा फुटलेल्या जागेवर कुठलंच सिरम नको. जखम भरल्यावर साधं व्हॅसलीन लावा आणि ती जागा उन्हापासून झाका. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर डाग लवकर पडतो आणि सावकाश जातो.

भाजलेली जागा त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, पाय किंवा सांधा भाजला असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, वीज किंवा रसायन लागलं असेल, किंवा मूल लहान असेल, तर घरी थांबू नका. जीवावर बेतलं असेल तर शब्बाथ असला तरी १०१ लावा. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणं, शब्बाथच्याही वर आहे. आपल्या आजीआजोबांनाही हे ठाऊक होतं.