लग्नघराची खतावणी मोबाइलवर

दुकानाचा रोजमेळ पैशापैशाने जुळवणाऱ्या घरात लग्न ठरते आणि त्याच घरातील हिशेब चिठ्ठ्यांवर, पाकिटांच्या पाठीवर व व्हॉट्सअ‍ॅपच्या गर्दीत विखुरला जातो. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम कोणी दिली, पत्रिकेवरील नावांचा क्रम कोणी तपासला, वऱ्हाडाची बस किती वाजता निघणार, हे प्रत्येकाला थोडे थोडे ठाऊक असते. संपूर्ण चित्र मात्र बहुधा वधूच्या किंवा वराच्या आईच्या डोक्यात असते आणि त्या चिंतेने तिची झोप उडते. कामांच्या संख्येपेक्षा हा विखुरलेपणाच लग्नघराला अधिक थकवतो. म्हणून विवाहनियोजनाचे अ‍ॅप तयार करणाऱ्याने बाजारपेठेऐवजी खतावणीचा नमुना समोर ठेवावा.

सध्या प्रचलित असलेली अनेक अ‍ॅप्स सजावट, दागिने व छायाचित्रकार यांचे शेकडो नमुने दाखवतात. व्यावसायिकांच्या जाहिराती हा त्यांच्या उत्पन्नाचा एक मार्ग असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु पर्याय वाढले म्हणजे निर्णय सुलभ होतो असे नाही. शीना अय्यंगार व मार्क लेपर यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका अमेरिकी किराणा दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले असता थांबलेल्या ग्राहकांपैकी सुमारे 3 टक्क्यांनी खरेदी केली. 6 प्रकार मांडले असता सुमारे 30 टक्क्यांनी केली. गादीवर साड्यांचा ढीग वाढला की बस्ता लांबतो, हे कापडाच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. अ‍ॅपने ठरलेल्या खर्चात बसणारे तीन पर्याय दाखवावेत आणि निर्णय झाल्यावर तो विषय मिटवावा.

मंजूर, कबूल आणि अदा

अशा अ‍ॅपचा कणा म्हणजे खर्चाचे तीन रकाने: कुटुंबाने मंजूर केलेली रक्कम, व्यावसायिकाला कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम. घरातील टिपणात सहसा फक्त तिसरा रकाना असतो आणि फसगत दुसऱ्या रकान्यात होते. समजा, भोजनाचा दर प्रतिताट 600 रुपये व पाहुणे 500 आहेत. मंजूर रक्कम 3 लाख रुपये आणि 50 हजार रुपये आगाऊ दिलेले आहेत. अदा रक्कम पाहून खर्च आवाक्यात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात अडीच लाख रुपये देणे उभेच असते. त्यातच निमंत्रितांच्या यादीत 80 नावे वाढली, तर कबुलीत 48 हजार रुपयांची भर पडते. नावे वाढवतानाच हा आकडा डोळ्यांसमोर आला, तर निर्णय वेळेवर होतो आणि शेवटच्या दिवशी आचाऱ्याशी वाद होत नाही.

याच पानावर रोखीबाबतची सूचनाही हवी. एका व्यक्तीकडून एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास 1 एप्रिल 2017 पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई केली आहे. भंग झाल्यास तेवढ्याच रकमेचा दंड स्वीकारणाऱ्याला होऊ शकतो. रक्कम हप्त्याहप्त्याने दिली म्हणून सुटका होत नाही. वरील उदाहरणातील सर्व रक्कम रोखीने दिली, तर केटरर अडचणीत येईल. मर्यादा जवळ येताच अ‍ॅपने इशारा द्यावा.

पुतण्या-भाच्यांच्या हाती किरकोळ खर्चासाठी दिलेल्या पैशांना उचंत खाते असावे. ठरावीक रकमेपर्यंत ज्याचे काम त्याने निर्णय घ्यावा. त्यापुढे एकाने नोंद करावी व दुसऱ्याने मंजुरी द्यावी. बँकेतील ही रीत अविश्वासापोटी आलेली नाही; तिच्यामुळे नोंद करणाऱ्यावर संशयाची वेळ येत नाही.

क्रम आणि सूर्यास्त

कामांची नुसती यादी पुरेशी नसते. कोणते काम कशावर अवलंबून आहे हे कळावे लागते. कार्यालय मिळाल्याशिवाय पत्रिका छापता येत नाही आणि पाहुण्यांची संख्या कळल्याशिवाय भोजन व निवास ठरत नाही. चातुर्मासात विवाह टाळले जात असल्याने पुढच्या मुहूर्तांवर कार्यालयांसाठी गर्दी होते. त्यामुळे पहिली कडी लांबली की पुढची सारी साखळी ओढली जाते. तारीख बदलताच अ‍ॅपने अवलंबून असलेली सर्व कामे पुढे-मागे सरकवावीत व संबंधितांना कळवावे.

चौविहार पाळणाऱ्या घरात दिवसाचे वेळापत्रक सूर्यास्तापासून मागे मोजावे लागते. पुणे-मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. मे महिन्यातील लग्नाचे वेळापत्रक जसेच्या तसे नोव्हेंबरात उचलले, तर आजी-आजोबा उपाशी राहतात. गाव व तारीख टाकताच पंगत कधी बसावी, वरात कधी निघावी हे अ‍ॅपने सुचवावे. कंदमूळ वर्ज्य असलेल्या ताटांची संख्याही निमंत्रणाच्या उत्तरातच नोंदवून घ्यावी.

कोणाला काय दिसावे

पारदर्शकता म्हणजे सर्वांना सर्व काही दाखवणे नव्हे. वरपक्ष व वधूपक्ष यांची खाती स्वतंत्र असावीत. वेळापत्रक व निवासव्यवस्था तेवढी समाईक असावी. एका पक्षाने दागिन्यांवर केलेला खर्च दुसऱ्याच्या पडद्यावर आला, तर तुलनेतून मने दुखावतात. प्रत्येक कामापुढे एकच नाव असावे, कारण ‘सर्वांचे काम’ शेवटी कोणाचेच राहत नाही. ज्येष्ठांसाठी मोठी मराठी अक्षरे आणि फक्त त्यांच्याशी संबंधित सूचना पुरेत. पाहुण्यांचे दूरध्वनी क्रमांक निमंत्रणाखेरीज अन्य व्यापारी कामासाठी वापरले जाणार नाहीत, अशी हमीही निर्मात्याने द्यावी.

लग्नानंतरचे पान

बहुतेक नियोजन वधूच्या पाठवणीपाशी थांबते. खाते मात्र त्यानंतर बंद करायचे असते. कार्यालयाची अनामत परत आली का, भाड्याची भांडी मोजून पोचली का, कोणाचे देणे राहिले, याची शेवटची पडताळणी अ‍ॅपने करून घ्यावी. विवाहानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर त्यांना प्राप्तिकर लागत नाही. तरीही आहेराची नोंद नीट ठेवावी, कारण पुढे त्याच घरांतील कार्यांत परतीचा आहेर करायचा असतो. महाराष्ट्रातील 1998 च्या कायद्यानुसार विवाहनोंदणीचे निवेदन विवाहापासून 90 दिवसांच्या आत द्यायचे असते. त्यासाठी पत्रिकेची प्रत, छायाचित्र व साक्षीदारांची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवता येतात.

ही कामे पार पडली की खाते मिटवून त्याची एक प्रत घरात जपावी. धाकट्या भावंडाचे लग्न निघेल तेव्हा त्या घराला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.