नदीच्या उलट जा, नदीबरोबर या : गंगापूर धरणाकाठचे शांत सायकल रस्ते



दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलाला सायकल घेऊन दिली, पण चालवायची कुठे? रस्त्यावर पाठवायची भीती वाटते." भीती खरीच आहे. शहरातल्या रस्त्यांवर मोठ्या माणसालाही सायकल चालवणं अवघड झालंय. पण नाशिकला राहणाऱ्यांच्या हाताशी एक वेगळा परिसर आहे. पश्चिमेला गंगापूर धरणाचं पाणी, त्याच्या काठाने द्राक्षाच्या बागा, आणि त्या बागांमधून गावागावांना जोडणारे छोटे डांबरी रस्ते. या रस्त्यांवर मुलांना कसं न्यायचं, कधी न्यायचं आणि तिथे काय शिकवायचं, हे या लेखात पाहू.

आधी परिसर समजून घेऊ

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेकडे नाशिक शहरात येते. शहराच्या अलीकडे तिच्यावर गंगापूर धरण आहे. हे मातीचं धरण १९६५ साली पूर्ण झालं. नाशिककरांच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः इथूनच येतं. धरणाची मूळ क्षमता सुमारे ७.२ टीएमसी होती, पण गाळ साचत गेल्याने आता ती साधारण ५.६ टीएमसी धरली जाते. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. गाळामुळे पाण्याची किती जागा गेली, हे गणित मुलांनी स्वतः केलं की 'मृदेची धूप' हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. हिवाळा थंड आणि कोरडा, पाण्याचा निचरा होणारी उताराची जमीन, आणि जवळ धरणाचं पाणी. द्राक्षाला आणखी काय हवं? खायची द्राक्षं इथे आधीपासून होतीच. १९९० च्या दशकाच्या शेवटी या भागात वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढू लागली. 'सुला'ची सुरुवात १९९९ ची. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि आणखी वायनरी उभ्या राहिल्या. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

शांत रस्ता म्हणजे कोणता?

नकाशावर बारीक रेषेने दाखवलेला रस्ता शांत असतो असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं. एकच रस्ता मंगळवारी सकाळी सात वाजता शांत असतो आणि रविवारी दुपारी चार वाजता त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. म्हणून रस्ता निवडताना जागेइतकीच वेळ महत्त्वाची.

यासाठी एक सोपा उपक्रम करा. मुलांना नेण्याआधी तुम्ही स्वतः त्या फाट्यावर १५ मिनिटं उभे राहा आणि किती चारचाकी गेल्या ते मोजा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि एकदा सुट्टीच्या दिवशी. चार आकडे मिळतील. वर्गात त्यांचा स्तंभालेख काढायला सांगा. कधी निघायचं ते मुलंच ठरवतील.

अजून एक हिशोब. ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी एका मिनिटात १ किमी जाते. ताशी १२ किमी वेगाने जाणारं आपलं मूल त्याच मिनिटात २०० मीटर जातं. मागून येणारी गाडी किती लवकर जवळ पोहोचते, हे फळ्यावर रेषा काढून दाखवा. "एका ओळीत चालवा" हे मग दहा वेळा ओरडून सांगावं लागत नाही.

चार रस्ते

१) गंगापूर, गोवर्धन, सावरगाव : धरणाच्या या बाजूला वायनरी आणि रिसॉर्ट आहेत. रस्त्याकडेला वेलींच्या रांगा आणि मध्येच दिसणारं धरणाचं पाणी, यामुळे मुलांना हा भाग फार आवडतो. पण शनिवार-रविवारी दुपारनंतर इथे पर्यटकांच्या गाड्या वाढतात. म्हणून आठवड्याचा मधला दिवस घ्या, किंवा रविवारी जायचंच असेल तर नऊच्या आत परत फिरा.

२) मखमलाबाद, मातोरी, मुंगसरा, गिरणारे : हा उत्तरेकडचा रस्ता. इथे खायच्या द्राक्षांच्या बागा जास्त, पर्यटक कमी. मुलांसोबत जायला मला हाच रस्ता जास्त योग्य वाटतो. गिरणाऱ्यापर्यंत जाणं सगळ्यांना जमेलच असं नाही, मधल्या गावातून परत फिरलं तरी चालतं.

३) गिरणाऱ्याच्या पुढे काश्यपी धरणाकडे : इथे चढ-उतार सुरू होतात, बागा मागे पडतात आणि भातशेती दिसू लागते. हा रस्ता नववी-दहावीच्या पुढच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी.

४) निफाडकडे नांदूर मध्यमेश्वर : हा परिसर पूर्वेला, नाशिकपासून बराच लांब. सायकली टेम्पोत घालून निफाडपर्यंत न्याव्यात. गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळचा हा जलाशय २०२० मध्ये रामसर यादीत आला. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. चापडगावच्या बाजूने हिवाळ्यात पक्षी छान दिसतात. जमीन सपाट, त्यामुळे लहान मुलांना सोपं. फक्त गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. समोरून किंवा मागून ट्रॉली आली की सायकलवरून उतरून रस्त्याच्या बाहेर उभं राहायचं, हा नियमच करा.

नदी आणि सूर्य

धरणाकडचे रस्ते शहरातून पश्चिमेकडे जातात आणि गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे येते. म्हणजे जाताना आपण नदीच्या उलट, एकंदरीत हळूहळू चढत जातो. येताना नदीबरोबर उतरत येतो. पाय दमलेले असतात तेव्हा उतार मदतीला येतो. "नदीच्या उलट जा, नदीबरोबर या" हे एक वाक्य मुलांच्या लक्षात राहिलं की नकाशावरचा उतार त्यांना आपोआप वाचता येतो.

सूर्याचंही तसंच. सकाळी जाताना सूर्य आपल्या पाठीशी असतो, पण समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर ऊन असतं. परत येताना ऊन आपल्या डोळ्यांवर आणि आपल्या मागच्या चालकाच्याही डोळ्यांवर. म्हणून परतीला सूर्य थोडा वर आल्यावरच निघा. अंगात भडक रंगाचा शर्ट, डोक्याला हेल्मेट, सायकलला घंटी आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

बागेजवळ घ्यायची काळजी

आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. फळ मात्र एकदाच, साधारण जानेवारी ते एप्रिल. गोडी छाटणीनंतर डाऊनी आणि भुरीपासून वेल वाचवण्यासाठी फवारण्या चालतात. ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू दिसला तर लांबच थांबा आणि फवारणी थांबल्यावर पुढे जा. कुणाच्याही बागेतला घड तोडून तोंडात टाकायचा नाही. ती चोरी तर आहेच, शिवाय त्यावर औषध असू शकतं.

पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असेल तेव्हा नदीवरच्या फरशी पुलांकडे फिरकूच नका. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी सायकल घालायची नाही.

"वाइनच्या गावाला मुलांना कशाला?"

हा प्रश्न पालक विचारतात, आणि विचारलाच पाहिजे. सरळ उत्तर द्या. आपण वायनरीच्या आत जात नाही, रस्त्यावरून पीक बघतो. खायचं द्राक्ष मोठं, बहुतेक बिनबियांचं आणि पातळ सालीचं. वाइनचं द्राक्ष छोटं, बियांचं आणि जाड सालीचं. इडलीचं पीठ किण्वनाने फुगतं, तशी द्राक्षरसातली साखरही किण्वनानेच बदलते. हे विज्ञान आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. मद्याचे दुष्परिणामही त्याच तासाला सांगता येतात. लपवलं की उत्सुकता वाढते, समजावलं की विचार वाढतो.

हा रस्ता आणखी कुणाचा आहे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. छाटणीच्या आणि खुड्याच्या दिवसांत पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली कुटुंबं कामासाठी द्राक्षपट्ट्यात येतात. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. तिथून पिकअप आणि जीप भरून माणसं बागांकडे जातात. त्यांच्यासोबत मुलंही आलेली असतात. दिवाळीनंतर आपल्या वर्गात काही चेहरे कमी होतात आणि बागेशेजारच्या शाळेत काही नवे चेहरे दिसतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. सायकल सहलीत मुलांना वेलीवरचा घड दाखवताना तो घड कुणाच्या हाताने उतरतो हेही दाखवा. मात्र कामावरच्या माणसांचे न विचारता फोटो काढू देऊ नका. आधी नमस्कार करा, बोला, विचारा.

आणि याच रस्त्यांनी गावातल्या मुली माध्यमिक शाळेत जातात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्या याचसाठी. आपल्याला हा रस्ता सुट्टीची मजा असतो. तिला तो आठवीतून नववीत नेणारा असतो. रस्त्यावर गाड्या बेफाम वाढल्या तर आपण दुसरीकडे फिरायला जाऊ, पण तिचं काय? घरचे घाबरले की आधी सायकल बंद होते आणि मग शाळा. म्हणून रस्ता शांत राहणं ही हौशी सायकलस्वारांपुरती गोष्ट नाही.

नाशिकच्या महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत जोडीने पूर्ण केली. मुलांना हे जरूर सांगा. पण त्याच दमात रोज पाच किलोमीटर सायकल मारून वेळेवर शाळेत पोहोचणाऱ्या मुलीचंही कौतुक करा.

वर्गासाठी उपक्रम

- फाट्यावरची वाहनमोजणी आणि तिचा स्तंभालेख.
- आपल्या गावाचा उतार कोणत्या दिशेला आहे ते ओढ्यावरून ओळखणे.
- बागेतल्या कामांचं बारा महिन्यांचं कॅलेंडर.
- एका बागायतदाराची आणि एका मजूर ताईंची मुलाखत, दोन्हीला समान जागा देऊन.

पालकांना शेवटी एकच विनंती. पुढच्या रविवारी तुम्ही धरणाकडे गाडीने जाल, तेव्हा गावातून जाताना वेग कमी करा आणि सायकलजवळून जाताना हातभर नाही, चांगलं दीड मीटर अंतर सोडा. तुमच्या मुलाला सायकल चालवायला शांत रस्ता हवा आहे ना? मग दुसऱ्याच्या मुलासाठी तो आपणच शांत ठेवायला हवा.