सरळ रस्त्यावरची तिरकी चाकं

भिलाईच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. 'एसयूव्हीचं व्हील अलाइनमेंट दर पाच हजार किलोमीटरला करायलाच हवं, असं टायरवाला म्हणतो. सर्व्हिस सेंटरवाले दहा हजार सांगतात. आमचे सासरे म्हणतात, गाडी एका बाजूला ओढत नसेल तर उगाच हात लावू नका. ऐकायचं कोणाचं?'

तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण सासऱ्यांची कसोटी सर्वांत फसवी. का, ते आधी पाहू.

अलाइनमेंटमधले तीन कोन म्हणजे टो, कॅम्बर आणि कास्टर. टायर खाणारा मुख्य चोर टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं उभ्या गाडीत नेमकी समांतर नसतात. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत रस्त्याच्या विरोधामुळे पुढची चाकं चालताना बाहेर फाकू पाहतात, म्हणून ती आधीच किंचित आत वळवून ठेवतात. पुढच्या चाकांना ताकद मिळत असेल तर ओढ उलटी, म्हणून तिथे टो शून्याच्या आसपास असतो. उद्देश एकच : गाडी धावायला लागली की चाकं आपसूक समांतर व्हावीत.

आता हा टो दोन्ही चाकांत मिळून तीन मिलिमीटरने बिघडला असं समजा. प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर. मध्यम एसयूव्हीच्या टायरचा व्यास 74 सेंटीमीटरच्या घरात असतो, म्हणजे चाक साधारण पाचशेस एक या प्रमाणात तिरकं झालं. अंशात मोजलं तर एका अंशाचा आठवा भागसुद्धा पुरता नाही. पण किलोमीटरभर गेलात की हिशोबाने ते चाक दोन मीटर आडवं ओढलं गेलेलं असतं. भिलाईहून राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर गाठलंत तर अंतर सुमारे 260 किलोमीटर. तेवढ्यात प्रत्येक पुढचा टायर अर्धा किलोमीटर आडवा ढकलला गेला! प्रत्यक्षात एवढं रबर घासत नाही. टायर लवचिक असतो, आडव्या ताणाचा बराच भाग तो स्वतः वाकून पचवतो. उरलेलं मात्र झिजेच्या रूपाने वसूल होतं.

गंमत अशी की या सगळ्या प्रवासात गाडी कुठेच ओढत नाही. डावं चाक उजवीकडे ढकलतं, उजवं डावीकडे, आणि दोघांचं भांडण बरोबरीत सुटतं. स्टिअरिंगला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो तळहाताला. गाडी उभी करा, टायर गार होऊ द्या आणि नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं बोचरं लागलं, तर टो बिघडलेला असण्याची दाट शक्यता आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि सासऱ्यांच्या परीक्षेपेक्षा भरवशाची.

अलाइनमेंटवाला गाडीखाली जाऊन ज्या दांड्यांचे नट सैल करतो त्या टाय रॉडची गोष्ट मोठी सुरस आहे. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. मग दोघांना सारखं वळवून कसं चालेल? 2.75 मीटर व्हीलबेसच्या एसयूव्हीने भिलाईच्या सुपेला चौकात सहा मीटर त्रिज्येचा यू-टर्न घेतला, तर आतलं चाक सुमारे 28 अंश वळायला हवं आणि बाहेरचं 22. हा सहा अंशांचा फरक कोणतंही कॉम्प्युटर न वापरता साधायचा, तर दांड्यांची समलंब चौकोनासारखी रचना करावी लागते. जगभरच्या पुस्तकांत तिला 'अॅकरमन स्टिअरिंग' म्हणतात.

पण रुडॉल्फ अॅकरमनने ती शोधलेली नाही! तो लंडनमधला चित्रांचा आणि पुस्तकांचा जर्मन प्रकाशक. तरुणपणी बग्ग्यांचे आराखडे काढायचा. अॅडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथही त्यानेच आखला होता. ही रचना होती म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराची. अॅकरमनने त्याचा प्रतिनिधी म्हणून 1818 साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि नाव कायमचं चिकटलं ते कागदावर सही करणाऱ्याचं. त्याहून मजेची बाब म्हणजे त्याआधी सुमारे साठ वर्षं इरॅस्मस डार्विनने, उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, हीच कल्पना स्वतःच्या घोडागाडीसाठी मांडली होती. पेशाने डॉक्टर, रोग्यांच्या घरी खराब रस्त्यांवरून सतत फिरती. तेव्हाच्या चारचाकी गाड्यांचा पुढचा अख्खा आस मधल्या खुंटीवर फिरायचा आणि जोराच्या वळणावर गाडी कलंडायची. (आपल्या दोनचाकी बैलगाडीला ही कटकटच नाही, तिथे स्टिअरिंगचं काम बैल करतात.) पण इरॅस्मसने पेटंट घेतलं नाही आणि लांकेनस्पेर्गरचं नाव मागे पडलं. तुमच्या एसयूव्हीच्या पोटाखाली मात्र हे दोघं आजही राबताहेत.

भिलाईत बसून चाकांबद्दल बोलायचं आणि रुळांचा विषय काढायचा नाही, हे काही जमणार नाही. 1960 पासून इथल्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ लाटले जातात. आता 130 मीटर लांबीचा एकसंध रूळ निघतो. त्या रुळांवर धावणाऱ्या चाकांना कोणी अलाइनमेंट करतं का? टाय रॉड नाही, टो नाही. तिथलं चाक किंचित शंकूच्या आकाराचं असतं, उतार वीसास एक, आणि रूळही तेवढेच आत कलवून बसवलेले. डबा डावीकडे सरकला की डावं चाक आपल्या जाड भागावर आणि उजवं बारीक भागावर फिरू लागतं. दोन्ही एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्याने जाड भागावरचं चाक फेरीमागे जास्त अंतर कापतं आणि जोडी आपोआप मध्याकडे वळते. एसयूव्हीचं रबरी चाक सपाट आणि स्वतंत्र, त्याला ही सोय नाही. त्याची सरळ चाल दांडीच्या लांबीवर अवलंबून, आणि दांडी जीई रोडवरच्या एका खड्ड्यातही वाकू शकते.

मग गाडी ओढते कधी? कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) किंवा कास्टर (बाजूने दिसणारा स्टिअरिंगच्या आसाचा कल) डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा झाला की. कास्टरचं काम सायकलवर दिसतं : हँडल सोडून चालवणाऱ्या पोराचं पुढचं चाक बऱ्याच अंशी त्याच्यामुळे सरळ राहतं. पण मशीनला दोष देण्याआधी टायरमधली हवा तपासा, एखादा ब्रेक चिकटतोय का पाहा. आणि रस्त्यालाच पाणी वाहून जाण्यासाठी दोन-अडीच टक्के उतार असतो हे विसरू नका. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे धडधाकट गाडीही हात सोडला की हळूहळू डावीकडे कलते. ताशी 80-100 किलोमीटरला स्टिअरिंग थरथरत असेल तर तो बहुधा बॅलन्सिंगचा मामला असतो, तिथे अलाइनमेंटचे पैसे वाया जातात.

एसयूव्हीचा आणखी एक पेच आहे. बोलेरो किंवा फॉर्च्युनरचा मागचा आस एकसंध, तिथे कोन बदलायला नटच नाही. क्रेटासारख्या गाड्यांतही मागच्या ट्विस्ट बीमला सहसा काही फिरवता येत नाही, आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल तर बहुतेकदा फक्त टो हाती असतो. त्यामुळे मशीनच्या कागदावर कॅम्बर लाल दिसला तर त्याचा अर्थ एखादा भाग झिजला किंवा वाकला आहे, तो बदलावा लागेल. जॅक लावून भाग वाकवून आकडा हिरवा करून देणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून निघावं. त्याच काउंटरवर टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचं गुणगान चालू असतं. घरच्या हवेत तो 78 टक्के असतोच, तेव्हा तिथेही घाई नको.

आता वाचकाचा मूळ प्रश्न. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा ही वरची मर्यादा माना. त्याआधी मोजणी करायची ती कारण घडलं तर : चाक खड्ड्यात जोरात आपटलं, फुटपाथच्या कडेवर चढलं, टाय रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्म किंवा स्ट्रट बदलला, नवे टायर टाकले, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहू लागलं, किंवा टायरची एकच कड झिजली. छत्तीसगडचा पावसाळा चार महिने रस्ते खातो, म्हणून दसऱ्याच्या आसपास एक मोजणी राखून ठेवणं शहाणपणाचं. केशकाल घाटातून जगदलपूरला भरल्या गाडीने जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

तिथे गेलात की चहा पीत बाहेर बसू नका. आधी चाक हलवून जॉइंटमध्ये ढिलेपणा आहे का ते पाहायला लावा. ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. चारही टायरमधली हवा सांगितल्याइतकी हवी. कॅमेऱ्याचं मशीन असेल तर चाकांवर फलक अडकवून गाडी थोडी मागेपुढे ढकलतात. ती पायरी गाळली तर फलक वाकडा बसल्याची चूक थेट आकड्यात शिरते. कॅमेरा-रडारच्या जोरावर लेन सांभाळणारी गाडी असेल तर काम झाल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणला का, तेही विचारा.

आणि आधीचे व नंतरचे असे दोन्ही आकडे कागदावर मागा. आधीचेच आकडे मर्यादेत असतील तर मोजणीचे पैसे द्या, नट फिरवू देऊ नका आणि कागद मॅन्युअलमध्ये ठेवून घरी या. पुढच्या वेळी किती बिघडलं हे त्याच कागदावरून कळेल, आणि टायरवाला, सर्व्हिस सेंटर व सासरे यांच्यापैकी कोणाचं ऐकायचं हा प्रश्नही उरणार नाही.