एक बोअर तुडुंब, शेजारचं कोरडं! चुनखडीच्या पट्ट्यात असं का होतं?

कोरपना, राजुरा आणि पैनगंगेपलीकडच्या वणी, झरी-जामणीच्या पट्ट्यात ही गोष्ट नवी नाही. एका शेतात बोअरला दोन इंच पाणी लागतं. धुऱ्यापलीकडच्या शेतात त्याहून खोल गेलं तरी नुसता फफुटा उडतो. पैसे मात्र दोघांचेही जातात. मग दोष पाणाड्याचा, बोअरच्या गाडीवाल्याचा, की नशिबाचा? याचं उत्तर खालच्या दगडात आहे, आणि तो दगड जिथं तयार झाला त्या समुद्रात आहे.

हो, समुद्रातच. सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर उभे आहेत, ती समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याची बनली आहे. (काळ्या जमिनीत पांढरे खडे सापडतात, त्यांनाही लोक चुनखडी म्हणतात. ती गोष्ट वेगळी.)

चुना समुद्रात कुठं साचला, यावर दगडाची छिद्रं ठरतात. किनाऱ्याजवळ लाटा सारखा मारा करतात. बारीक गाळ वाहून जातो आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, गोल कणांची वाळू मागं राहते. कणांमध्ये मोकळी जागा असते, त्यातून पाणी सहज फिरतं. प्रवाळ वाढतात तिथं तर मोठमोठी पोकळी राहते. खोल, शांत पाण्यात मात्र पिठासारखा बारीक चुना बसतो.

इथं एक गंमत आहे. ताज्या गाळात वाळूपेक्षा जास्त पोकळी असते. वाळूत साधारण ४० ते ५० टक्के, तर गाळात ७० टक्क्यांपर्यंत. पण गाळाची छिद्रं इतकी बारीक, की पाणी आत अडकून बसतं. काळी माती पाणी धरते, पण लवकर सोडत नाही, तसंच. वर थरावर थर चढले की गाळ दबतो, पाणी पिळून निघतं आणि शेवटी काचेसारखा घट्ट दगड उरतो.

आपल्या भागातली चुनखडी बरीचशी याच जातीची. अभ्यासक तिला चंदा चुनखडक म्हणतात आणि ती खोल, शांत पाण्यात साचली असं सांगतात. ती इतकी जुनी आहे की तेव्हा शिंपले किंवा प्रवाळ जन्मालाच आले नव्हते. त्यामुळं शिंपल्यांची वाळू नाही, प्रवाळांची पोकळी नाही. अखंड दगड फोडून पाहिला तर पाण्याला जागाच दिसत नाही.

मग शेजाऱ्याच्या बोअरला पाणी कुठून आलं? भेगांतून. जमिनीच्या हालचालीनं दगडाला तडे गेले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, त्या तड्यांत शिरतं आणि हळूहळू चुना विरघळवतं. तडा रुंद होतो, कुठं कुठं भुयारासारखी पोकळी होते. बोअर मारताना रॉड अचानक खाली गेला, तर समजावं की अशीच पोकळी लागली. तिच्यापासून दहा फूट बाजूला बोअर पडलं तर कोरडं जाऊ शकतं.

मुंबईजवळच्या समुद्रातलं ‘मुंबई हाय’चं तेलही चुनखडीच्याच छिद्रांत आहे. १९७४ साली ते सापडलं. ती चुनखडी उथळ समुद्रात साचली. मधल्या काळात समुद्र मागं हटला, ती उघडी पडली आणि पावसानं तिला पोखरलं. त्या छिद्रांत पुढं तेल साठलं.

आपल्याकडं पावसाचं पोखरणं साधारणपणे वरच्या भागात जास्त, खोलवर कमी. म्हणून ‘अजून शंभर फूट मारा’ हा सल्ला चुनखडीत दर वेळी फायद्याचा ठरत नाही. आधी जवळच्या विहिरीच्या भिंती, खाणीचा कडा, नाल्याचा काठ पाहावा. तडे कोणत्या दिशेनं गेलेत ते तिथं दिसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. जमिनीत वीज सोडून केलेल्या तपासणीत ओलसर पट्टा कळू शकतो. खात्री तिथंही शंभर टक्के नसते, पण नारळ फिरवण्यापेक्षा ती बरी.

अजून एक. वाळूतून जाताना पाणी गाळलं जातं, भुयारातून जाताना नाही. शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा अशा तड्यावर असेल, तर घाण थेट बोअरमध्ये उतरते, तीही झपाट्यानं. पहिल्या मोठ्या पावसानंतर बोअरचं पाणी गढूळ आलं, तर ते पिण्याआधी तपासून घ्यावं.