परिधेय संवेदक-जालातील ऊर्जाव्यय
रुग्णाच्या छातीवर, मनगटावर वा पायावर बसविलेले छोटे संवेदक हृद्‌स्पंद, तापमान, हालचाल इत्यादींची मापने घेऊन ती रेडिओ तरंगांद्वारे जवळच्या ग्राहीकडे पाठवितात. अशा संवेदकांच्या समूहास परिधेय बिनतारी संवेदक-जाल म्हणतात. त्याची खरी मर्यादा विद्युत् घटाची आहे. नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्ट घटाची (सीआर २०३२) धारणक्षमता सु. २२५ मिलिअँपिअर-तास असते. सरासरी १ मिलिअँपिअर प्रवाह घेतल्यास असा घट सु. ९ दिवसांत संपतो. प्रवाह १० मायक्रोअँपिअरवर आणल्यास तो हिशेबाने अडीच वर्षे पुरावा.

बहुधा सर्वाधिक ऊर्जा रेडिओ यंत्रणा घेते. संदेश येत नसतानाही ती नुसती ऐकत राहिली, तरी जवळजवळ प्रेषणाइतकीच ऊर्जा खर्ची पडते. म्हणून ती बहुतेक काळ निद्रिस्त ठेवून ठराविक क्षणीच जागृत करतात. शिवाय २·४ गिगॅहर्ट्‌झचे तरंग शरीरातील ऊतकांत बरेच शोषले जातात.

विद्युत् हृल्लेखाचे सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी १२ बिटांचे, पाठविल्यास ३,००० बिट होतात; संवेदकातच स्पंदगती काढून तेवढीच पाठविल्यास काही थोडे बिट पुरतात. मात्र या काटकसरीत एखादा अनियमित ठोका गाळला गेला, तर तो वैद्याच्या दृष्टीस पडतच नाही. यास्तव संशयास्पद भाग संपूर्ण व उरलेला संक्षेपाने पाठविणे अधिक सयुक्तिक होय.

ब्लूटूथची अल्पऊर्जा पद्धती २०१० मध्ये, तर शरीर-जालांसाठीचे आयईईई ८०२·१५·६ हे मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराच्या उष्णतेपासूनही वीज मिळविता येते. परंतु त्वचा व हवा यांच्या तापमानांतील फरक थोडा असल्याने ती अत्यल्प असते.