आधी कुठे शोधायचं?

लिनक्सवर सी शिकायला लागलं की बहुतेकांना एक कोडं पडतं. प्रोग्राम कंपाइल झालेला असतो, 'ए डॉट आउट' ही फाइल डोळ्यांसमोर दिसत असते. पण नुसतं नाव टाइप केलं तर संगणक म्हणतो, अशी आज्ञा सापडत नाही. नावाच्या आधी 'डॉट-स्लॅश' लावलं की मात्र प्रोग्राम मुकाट्याने चालतो. सर सांगतात म्हणून आपण ते पाठ करतो. पण त्या टिंबामागे कारण आहे, आणि ते समजलं तर पुढे बराच त्रास वाचतो.

संगणकाला नुसत्या नावावर भागत नाही, पत्ता लागतो. एका वाड्यात चार जोशी राहावेत, तशा एकाच नावाच्या फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत असू शकतात. म्हणून यंत्रणेजवळ फोल्डरांची एक यादी असते. तिचं नाव 'पाथ'. शोध या यादीच्या क्रमाने होतो आणि पहिली फाइल सापडली की थांबतो. पुढच्या फोल्डरात त्याच नावाची नवी प्रत असली, तरी तिच्याकडे कुणी पाहत नाही.

असा शोध आपल्या प्रोग्राममधून घ्यायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत 'सर्चएन्व्ह' नावाचं फंक्शन आहे. ते प्रमाण सी भाषेचा भाग नाही, विंडोजपुरतं आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: फाइलचं नाव, यादीचं नाव आणि उत्तर लिहून घ्यायला जागा. यादी 'पाथ'च हवी असं नाही. 'इन्क्लूड' किंवा 'लिब'ही चालते. फाइल सापडली तर पूर्ण पत्ता मिळतो, नाही तर रिकामी ओळ.

यात दोन मेखा आहेत. पहिली जागेची. उत्तरासाठी किमान 260 अक्षरांची जागा ठेवावी लागते, पण ती खरंच आहे का, हे फंक्शन तपासत नाही. जागा अपुरी पडली तर अक्षरं बाहेर सांडतात आणि शेजारची मेमरी बिघडते. म्हणून पुढे 'सर्चएन्व्ह-एस' आलं. ते जागेचा आकार आधी विचारून घेतं.

दुसरी मेख क्रमाची, आणि ती जास्त महत्त्वाची. हे फंक्शन यादीकडे वळण्याआधी आपण सध्या ज्या फोल्डरात आहोत तिथे शोधतं. सोयीचं वाटतं ना? पण ते फोल्डर सगळ्यांच्या वापरातलं असेल तर? कुणीतरी तिथे नेहमीच्या आज्ञेच्याच नावाचा खोटा प्रोग्राम ठेवला, तर तुम्ही नाव घेताच तोच धावेल, तोही तुमच्या अधिकारांनी. लिनक्सवर 'डॉट-स्लॅश' लावावं लागतं ते याचसाठी. चालू फोल्डर यादीत मुद्दाम ठेवलेलं नसतं. टिंब लिहून तुम्ही सांगता, 'इथलीच फाइल हवी, मला ठाऊक आहे.' विंडोजचा जुना कमांड प्रॉम्प्ट आजही चालू फोल्डर आधी पाहतो. पॉवरशेल मात्र पाहत नाही.

ही भीती पुस्तकी नाही. ऑगस्ट 2010मध्ये मायक्रोसॉफ्टला याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. सामायिक फोल्डरातली साधी फाइल उघडली, तरी शेजारी ठेवलेली बनावट डीएलएल प्रोग्राम आपली समजून उचलू शकत होता. लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीतही, 'पाथ' ठरवलेलाच नसेल तेव्हा वापरायच्या यादीतून चालू फोल्डर वगळलं गेलं ते 2016च्या 2.24 आवृत्तीत.

आज घरी एक करून बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर पायथन' किंवा लिनक्सवर 'टाइप हायफन-ए पायथन3' टाइप करा. जितक्या प्रती सापडतील त्या क्रमाने दिसतील, आणि नाव घेतल्यावर धावते ती सर्वांत वरची. नवी आवृत्ती टाकूनही जुनीच का चालते, मैत्रिणीकडे चालणारा प्रोजेक्ट आपल्याकडे का अडतो, याचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं.

आणि स्वतः प्रोग्राम लिहाल तेव्हा महत्त्वाच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. शोधावर सोडायचंच असेल, तर यादीत कोण आहे आणि पहिला मान कुणाला दिलाय, हे आधी तपासा.