बाई डॉक्टर मागणं हा हट्ट नाही



तुळजापूरच्या वस्त्यांत आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "बाप्या डॉक्टरला कसं सांगायचं, सिस्टर?" अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, तरी बाई महिनोन्‌महिने गप्प राहते. तिच्या लाजेला कुणी हसू नये. पण लाजेपायी दुखणं वाढूही देऊ नये.

याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. तपासणीचे नमुने प्रशिक्षित नर्सबाईंनी घेतले. २००९ साली निष्कर्ष आला : ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठीच्या गटाला मात्र तपासणीविना ठेवलं होतं. त्यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. गरीब बाईचा जीव हा कुणाच्या तुलनेचं माप नव्हे.

म्हणून हक्क माहीत हवेत. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथं दुसरी बाई हजर असली पाहिजे, असं रुग्ण हक्कांची सनद सांगते. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी नर्सिंग होमनी ही सनद लावायची आहे. "सिस्टरला आत बोलवा" असं स्पष्ट सांगा. बाई डॉक्टर कोणत्या वारी असते, ते आशाताईंकडून आधीच विचारून घ्या.

आता दुसरी बाजू. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. १९२९ साली त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. अखेर वस्तीबाहेर आणवून त्यानं तिला पाहिलं, तेही हात न लावता. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातून नवऱ्याकडे आणि त्याच्या हातून तिच्याकडे गेलं. ती माउली वाचली नाही.

तेव्हा फरक नीट ओळखू या. स्वतःच्या देहाची लाज राखण्यासाठी बाई डॉक्टर मागणं हा सन्मानाचा हक्क आहे. पण "बाईला ऑपरेशन जमत नाही" म्हणणं, किंवा नर्सचं आडनाव विचारून मग इंजेक्शनला हात पुढे करणं, हा भेदभाव आहे. विटाळ मानणाऱ्यांशी आपण लढलो. तोच विटाळ आपल्या तोंडून निघता कामा नये.

आणि एक लक्षात ठेवा. बाळंतपणात रक्तस्राव झाला, झटके आले, तर बाई की पुरुष हे पाहत बसू नका. १०८ ला फोन करा. समोर जो डॉक्टर असेल, तोच त्या घडीला आपला.

सासूबाईंनो, सुनेला तपासणीला तुम्हीच घेऊन चला. बापांनो, लेकीला नर्सिंगला, डॉक्टरकीला पाठवा. आपल्या लेकी त्या खुर्चीत बसतील, तेव्हा वस्तीतली बाई बोलायला घाबरणार नाही.